१३बी रोटरी विमानात बसवतोय, टेंपरेचर आणि प्रेशरचे सेन्सर नक्की कुठे लावायचे?

गरुडझेप_ओहायो

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये गेली चार वर्षं आरव्ही-७ हे किटचं छोटं विमान बांधतोय, आता फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढचं काम काढलंय. इंजिन मझदाच्या आरएक्स-८ गाडीतलं आहे, म्हणजे रेनेसिस १३बी हे व्हँकेल रोटरी, ६५४ सीसीचे दोन रोटर, पुढे २.८५ चा रिडक्शन गिअरबॉक्स. म्हणजे इंजिन ६००० वर असलं की पंखा (प्रोपेलर) २१०० च्या आसपास फिरतो. इथल्या हँगरवर सगळे लायकॉमिंगवाले (नेहमीच्या पिस्टन इंजिनवाले) आहेत, माणसं फार चांगली आहेत पण रोटरीचं विचारलं की कुणाला काही सांगता येत नाही, म्हणून मराठीत विचारतोय, आपल्यात कुणीतरी यात हात काळे केलेले असतीलच.

माझ्यापुढे टेबलावर आत्ता एवढं पडलंय: पाण्याच्या (म्हणजे कूलंटच्या) टेंपरेचरचा एक सेन्सर, ऑइल टेंपरेचरचा एक, तीन प्रेशर सेन्सर (ऑइलला १५० पीएसआयचा, फ्युएलला १०० चा आणि एक ५० चा जो मी हौसेने घेतला, कूलंटला लावावा का माहीत नाही), ईजीटीसाठी (एक्झॉस्टच्या धुराच्या टेंपरेचरसाठी) दोन के टाइप थर्मोकपल, मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या प्रेशरचा) एक. थर्मोकपल भावाने पुण्याहून पाठवलेत, त्यांच्या वायरी हिरव्या-पांढऱ्या आहेत आणि माझ्या मॉनिटरच्या पिवळ्या-लाल, ते कसं जोडायचं हाही प्रश्न आहेच.

गाडीत कंपनीने जिथे सेन्सर दिलाय तिथेच लावला तर विमानात चालेल का? पाण्याला एकच टेंपरेचर पुरे का? ईजीटी प्रोब पोर्टपासून किती लांब? आणि स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा थर्मोकपल मिळतो, टू-स्ट्रोक रोटॅक्सवाले लावतात तो, त्याचा इथे काही उपयोग आहे का? काल ऑइल प्रेशरचा सेन्सर ब्लॉकला लावून बघितला, दोन आटे छान बसला आणि मग अडकला, जोर लावायला जीव होईना म्हणून काढून ठेवला.

---

मीनल_एएमई

जोर लावला नाहीत हे फार बरं केलंत! तुमचा सेन्सर एनपीटी म्हणजे अमेरिकन पाइपच्या आट्यांचा असणार, १/८ इंची मापाला इंचाला २७ आटे, आणि मझदाचं भोक जपान्यांनी घेतलेल्या बीएसपीटी म्हणजे ब्रिटिश पाइपच्या आट्यांचं, त्याच १/८ मापाला इंचाला २८ आटे, शिवाय आट्यांचा कोन एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. हाताने दोन फेरे अगदी बरोबर जातात आणि मग जड लागतं, माणसाला वाटतं टेपर आहे म्हणून घट्ट होतंय, पाना लावून अजून एक फेरा मारला की आटे मोडतात नाहीतर नंतर तेल झिरपत राहतं. बीएसपीटी बाहेर आणि एनपीटी आत असा ॲडॅप्टर मिळतो, तो आणा, स्टीलचा आणा, पितळी नको.

आता मुख्य गोष्ट. मी कॅनडात विमानांची मेंटेनन्स इंजिनिअर आहे, घरी बांधलेल्या दोन रोटरी विमानांवर काम केलंय, त्यातल्या एकावर जे डोळ्यांनी बघितलं ते सांगते म्हणजे कूलंटला प्रेशर सेन्सर लावायचा का हा प्रश्नच उरणार नाही.

इंजिन जमिनीवर चालवून बघत होतो, मालक कॉकपिटमध्ये, मी विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) टोकाशी अग्निशामक घेऊन उभी. पाणी १९० फॅ. वर स्थिर होतं. थोड्या वेळाने ते हात वर करून अंगठा दाखवायला लागले, पाणी १६० वर आलं होतं, त्यांना वाटलं थर्मोस्टॅट नीट उघडला, कूलिंग सुधारलं. मला तेवढ्यात तो गोडसर वास आला, कूलंटचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) खालच्या फटीतून पांढरी वाफ. खालच्या होजची क्लँप सरकली होती, पाणी सेन्सरच्या खाली उतरलं, सेन्सरचं टोक नुसत्या हवेत लोंबत होतं आणि हवेचं टेंपरेचर दाखवत होतं. आकडा खाली येत होता आणि आतलं लोखंड लाल व्हायच्या वाटेवर. नंतर इंजिन उघडलं तर पाण्याच्या सील कडक होऊन तुकडे पडत होते, एक रोटर हाउसिंग वाकलं होतं. हे जमिनीवर झालं म्हणून मी शांतपणे लिहितेय.

तर पाण्याचं टेंपरेचर सांगणारा सेन्सर पाणी असेपर्यंतच खरं बोलतो. पाणी गेलं की सगळ्यात आधी पडतं ते प्रेशर, क्षणात पडतं. तुमचा तो ५० पीएसआयवाला बाकी सगळ्यांच्या आधी बसवा, आणि त्याचा अलार्म मोठ्या लाल दिव्यावर काढा, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. टॅप (सेन्सरसाठीचं भोक) घ्या ब्लॉकमधून गरम पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, जितकं उंच तितकं बरं. पाण्याचं टेंपरेचरही तिथलंच घ्या. रेडिएटरमधून परत येणाऱ्या लाइनवर लावाल तर गार झालेलं पाणी मोजाल आणि त्यात समाधान मानाल.

प्रेशरचा अजून एक फायदा. थंड इंजिन सुरू केलं आणि पाणी गरम व्हायच्या आधीच प्रेशर भराभर चढायला लागलं तर समजायचं पाण्याची सील गेलीय आणि जळालेला गॅस पाण्यात घुसतोय. टेंपरेचरवर हे कितीतरी उशिरा कळतं. म्हणून पहिल्या दहा-बारा रनला वहीत टेंपरेचरसमोर प्रेशर लिहून ठेवा, तुमच्या इंजिनची चाल तुम्हाला कळली पाहिजे.

---

सातारी_सौरभ

मध्येच विचारतो, माफ करा. रोटरी विमान इंजिन म्हणजे ते पहिल्या महायुद्धातलं ना, ज्यात सिलेंडरच गोल फिरायचे? त्यावर सेन्सर कसा लावणार, वायर गुंडाळली जाईल की.

---

नगरचा_फिटर

सौरभ, नाव एकच आहे पण दोन वेगळी यंत्रं. तू म्हणतोस ते नोम, ल रोन वगैरे, १९०९ च्या सुमारास आलेली, क्रँक विमानाला पक्का आणि सिलेंडरांचा सगळा गोतावळा पंख्यासोबत गरगर फिरणारा. त्यावर वायर लावताच यायची नाही हे तुझं बरोबर आहे. त्यात एरंडेल तेल जायचं आणि जळून बाहेर फेकलं जायचं, परत येणारं तेलच नाही त्यामुळे ऑइल टेंपरेचर मोजायचं तरी कशाचं. वैमानिकासमोर काचेची एक छोटी कुपी असायची, पंपाच्या ठोक्यागणिक त्यात तेल खालीवर उडायचं, ते उडतंय म्हणजे तेल जातंय, आणि ठोके मोजले तर इंजिन किती फिरतंय याचाही अंदाज यायचा. सोपं आणि हुशारीचं काम होतं ते.

ही चर्चा व्हँकेलची आहे, इंग्रजी आठच्या आकाराच्या घरात तीन कोनी रोटर फिरतो तो. आणि हे आपल्याकडेही झालंय बरं का. आमच्या नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेने आणि बंगळूरच्या एनएएल या विमान संशोधन प्रयोगशाळेने मिळून ५५ हॉर्सपॉवरचं व्हँकेल इंजिन केलं, निशांत या पायलटशिवायच्या विमानासाठी, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये कोलारला ते त्या विमानात उडालं. मी त्या कामात नव्हतो, पण नगरचा असल्यामुळे सांगताना छाती फुगते.

आता ओहायोवाले दादा. मी इंजिन टेस्ट सेलमध्ये काम करतो, रोज सेन्सरच लावतो, त्यामुळे मीनलताईंनी सांगितलं त्याच्या पुढचं लिहितो.

प्रेशर सेन्सर घेताना तो व्हेंटेड गेज आहे की सील्ड गेज हे त्याच्या कागदावर बघा. सील्ड म्हणजे कारखान्यात १४.७ पीएसआयची हवा आत कोंडून बंद केलेला, तो कायम तिच्याशी तुलना करतो. १०,००० फुटांवर बाहेरची हवा १०.१ असते, म्हणजे त्या उंचीवर हा सेन्सर ४.६ पीएसआय कमी दाखवणार. ऑइलच्या ७० मध्ये हे दिसतही नाही, पण कूलंटच्या १३-१५ मध्ये तिसरा हिस्सा गेला, आणि अलार्म १० वर ठेवला असेल तर काहीही बिघडलेलं नसताना वरती लाल दिवा लागेल. म्हणून सेन्सर खराब म्हणत बसू नका, कारण उकळण्याच्या दृष्टीने तो खरंच सांगतोय. रेडिएटरची टोपी बाहेरच्या हवेच्या वर ठरलेलं प्रेशर धरते, बाहेरची हवा पातळ झाली की आतलं एकूण प्रेशरही तेवढंच उतरतं, पाणी लवकर उकळतं. अर्ध पाणी अर्ध ग्लायकॉल उघड्यावर समुद्रसपाटीला साधारण १०७ से. ला उकळतं, टोपीमुळे आपण तो आकडा वर ढकलतो, आणि उंचीवर गेलं की त्यातलं थोडं परत जातं. अलार्म लावताना हे धरून लावा.

दुसरं, सेन्सर इंजिनवर थेट लावू नका. जड सेन्सर पितळी एल्बोच्या टोकावर लटकवला की व्हायब्रेशनने एल्बोला मुळाशी चीर जाते, आणि ऑइलची लाइन असेल तर सगळं तेल एक्झॉस्टवर. इंजिनमध्ये फक्त छोटं स्टील फिटिंग, त्यात आत साधारण एक मिलीमीटरचं भोक, तिथून होज फायरवॉलपर्यंत आणि सेन्सर फायरवॉलवर क्लँपमध्ये. एवढ्याशा भोकातून प्रेशर पूर्ण कळतं पण होज फुटली तर तेल पिचकारीसारखं न जाता बारीक धारेने जातं, उतरायला वेळ मिळतो. फ्युएललाही तसंच.

ग्राउंडचंही सांगतो. तीन वायरींचे सेन्सर असतील, ५ व्होल्ट सप्लाय आणि ०.५ ते ४.५ सिग्नल, तर त्यांचं ग्राउंड मॉनिटरलाच परत न्या, इंजिनच्या बॉडीला नको. एक वायरीचे असतील तर उलट, त्यांना बॉडीचंच ग्राउंड लागतं आणि टेफ्लॉन टेप ढीगभर गुंडाळली की तेच तुटतं, शिवाय टेपचे तुकडे आत जातात. मी टेप वापरतच नाही, पेस्ट सील लावतो, तीही पहिला आटा मोकळा ठेवून.

प्लगखालच्या वॉशर थर्मोकपलबद्दल, कल्पना चांगली आहे, पण थांबा. फायदा हा की तो धातूचं टेंपरेचर घेतो, पाणी असो नसो धातू गरम झाला की तो सांगणारच. व्हँकेलमध्ये जळण्याची जागा कायम एकच, प्लगची बाजू कायम तापलेली आणि इनटेकची बाजू कायम गार, पिस्टनसारखं आळीपाळीने नाही, त्यामुळे मोजायचं तर प्लगच्या बाजूलाच. धोका असा की प्लगचं मूळ वॉशर काढून त्याहून पातळ रिंग टाकली तर प्लग तेवढा आत जातो, आणि आतून एपेक्स सील (रोटरच्या कोनावरची पट्टी) भिंतीला घासून जात असते. प्लगचं टोक तिच्या वाटेत आलं तर संपलं. पिस्टनमध्ये एखाद मिलीमीटरने जग बुडत नाही, इथे बुडतं. म्हणून मी म्हणेन प्लगला हात लावू नका, प्लगच्या शेजारी हाउसिंगवर कुठे मोकळा बॉस (धातूचा उंचवटा) किंवा बोल्ट असेल त्याखाली रिंग टर्मिनलचा थर्मोकपल लावा. आकडा कमी येईल, पण रोजच्यापेक्षा वर गेला की कळेल, आपल्याला तेच हवंय.

---

गरुडझेप_ओहायो

दोघांचे मनापासून आभार, मीनलताई तुमची ती वाफेची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही, सकाळी उठून आधी सगळ्या होजना दुसरी क्लँप लावली. नगरचे दादा, सेन्सरचा कागद शोधला, सील्डच आहे.

ऑइलचं आणि ईजीटीचं राहिलं. आणि एक शंका, ज्वलनाचं प्रेशर मोजणारे सेन्सर असतात ते प्लगच्या भोकात लावून रोटरची तब्येत बघता येते का?

---

नगरचा_फिटर

ज्वलनाचं प्रेशर उडताना विसरा. पिस्टनमध्ये हेडवर एक सेन्सर लावला की पूर्ण सायकल दिसते, कारण चेंबर जागचा हलत नाही. व्हँकेलमध्ये चेंबरच सेन्सरसमोरून पुढे सरकतो, एपेक्स सील समोरून पुढे सरकली की त्याच सेन्सरला मागचा दुसरा चेंबर दिसायला लागतो. म्हणून टेस्ट सेलमध्ये परिघावर जागोजागी सेन्सर लावून त्यांचे तुकडे शाफ्टच्या अंशांप्रमाणे जोडावे लागतात. शिवाय भिंतीत जितकं मोठं भोक तितका सील वरून जाताना एका चेंबरचा गॅस दुसऱ्यात, मझदाने ट्रेलिंग प्लगचं (रोटरच्या दोन प्लगपैकी नंतर ठिणगी देणाऱ्याचं, आधीचा तो लीडिंग) भोक आत एवढं बारीक ठेवलंय ते त्याचसाठी.

थर्मोकपलची वायर: हिरवी आणि पिवळी प्लस, पांढरी आणि लाल मायनस. अमेरिकन रंगांत लाल मायनस असते, इथेच सगळे फसतात. हिरवी पिवळीला, पांढरी लालला. मध्ये साधी तांब्याची वायर अजिबात नको, के टाइपचीच एक्स्टेंशन शेवटपर्यंत. समजा काउलिंगमध्ये जोड आहे तिथे ९० से. आणि पॅनेलमागे ३० से., तांबं वापरलं तर आकडा ६० ने कमी येईल, आणि के वायर उलटी जोडली तर दुप्पट, १२० ने कमी. कमी येतो हे वाईट, माणूस निर्धास्त राहतो.

---

मीनल_एएमई

ईजीटीचं रेनेसिसमध्ये एक वेगळं आहे ते आधी बघा. जुन्या १३बीत प्रत्येक रोटरला स्वतःचा एक्झॉस्ट पोर्ट हाउसिंगमध्ये असायचा, रेनेसिसमध्ये एक्झॉस्ट बाजूच्या प्लेटमधून निघतो, आणि मधल्या प्लेटचं तोंड दोन्ही रोटरांत सामायिक आहे. बाहेर तीन तोंडं दिसतात, म्हणून मधल्यात प्रोब लावला तर दोन्हीचा मिसळलेला धूर मोजाल, एक रोटर कमी इंधनावर चाललाय हे कळणारच नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या पाइपात एकेक लावा, पोर्टपासून दोन्ही अगदी सारख्या अंतरावर, मी ४ ते ६ इंच ठेवते. टोक पाइपच्या मध्यावर.

आकडे बघून घाबरू नका. लायकॉमिंगवाले मित्र १३००-१४०० फॅ. म्हणतील, तुमचे १६०० च्या वर जातील, रोटरीत इंधन एक्झॉस्टमध्ये येईपर्यंत जळतच असतं. पातळ प्रोब त्यात लवकर जातात, जाड शीथचे घ्या, थोडे सावकाश प्रतिसाद देतात, चालतं. एकटा आकडा किती यापेक्षा दोन रोटरांतला फरक रोजचा किती आणि आज किती हे बघायची सवय लावा. जमिनीवर इग्निशन एकेक बंद करून बघताना लीडिंग बंद केलं की ईजीटी चांगलंच उसळेल, ट्रेलिंग बंद केल्यावर फार फरक पडणार नाही, तेव्हा ट्रेलिंगच चालू नाही असं समजून वायरी उपटू नका.

आता ऑइल, आणि हे मी पाण्याइतकंच महत्त्वाचं मानते. रोटरच्या आत पाणी जात नाही, त्याला गार करतं ते तेल. कूलिंगच्या एकूण उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेल बाहेर नेतं, त्यामुळे पिस्टनसारखं ऑइल कूलर म्हणजे जोडीला असलेली वस्तू असं इथे नाही. तेलाची वाट अशी: पंप, मग कूलर, मग फिल्टर, मग इंजिन. एकच सेन्सर असेल तर कूलरनंतर, फिल्टरपाशी लावा, म्हणजे रोटरला जे तेल मिळणार आहे तेच मोजाल. फिल्टरखाली सँडविच प्लेट मिळते, तिला बहुतेक एनपीटीची भोकं असतात, तिथे टेंपरेचर आणि प्रेशर दोन्ही सोयीने बसतं. प्रेशरही तिथलंच हवं, कारण कूलर चोंदला किंवा कूलरची होज फुटली तर पंपाजवळ आकडा दिसत राहील आणि बेअरिंगला काही पोचत नसेल. सवड झाली तर कूलरच्या आधी अजून एक टेंपरेचर लावा, आत-बाहेरचा फरक कमी व्हायला लागला की कूलरकडे हवा नीट जात नाही नाहीतर तेल बायपास होतंय.

मी इंजिनमध्ये जाणाऱ्या तेलाला २१० फॅ. ही रेघ धरते, तिच्या वर गेलं की पॉवर कमी, नाक खाली, वेग वाढवून हवा द्यायची.

---

गरुडझेप_ओहायो

तीन आठवड्यांनी लिहितोय. ॲडॅप्टर आला, हाताने पूर्ण सहा फेरे गेला, काय समाधान वाटलं. सेन्सर बसवायच्या आधी स्वयंपाकघरात तपासले, पातेल्यात बर्फ आणि पाणी, त्यात दोन्ही टेंपरेचर सेन्सर दोऱ्याने मधोमध टांगले, तळाला टेकू दिले नाहीत, मग गॅसवर हळूहळू तापवत प्रत्येक १० अंशांना चांगल्या काचेच्या थर्मामीटरसमोर मॉनिटरचा आकडा लिहिला. पाण्याचा बरोबर निघाला. ऑइलचा उकळत्या पाण्यात १९३ फॅ. दाखवत होता! मॉनिटरमध्ये दुसऱ्याच सेन्सरचा टाइप निवडला गेला होता, तो बदलल्यावर २११. असंच उडालो असतो तर २१० ची रेघ १९० च्या घरात दिसली असती.

काल पहिला लांब रन झाला, वीस मिनिटं. पाणी १८५ वर स्थिरावलं तेव्हा कूलंट प्रेशर ९, ऑइल १७८ आणि ६८ पीएसआय, फ्युएल ४० च्या आसपास पण आयडलला ३३ पर्यंत उतरतं. ईजीटीत पुढच्या रोटरपेक्षा मागचा ४५ फॅ. जास्त. आणि मॅनिफोल्ड प्रेशर आयडलला फार नाचतंय, एका जागी थांबतच नाही. फ्युएल आणि मॅनिफोल्ड, दोन्हीत काही गडबड आहे का?

---

मीनल_एएमई

फ्युएलमध्ये गडबड नाही. रेग्युलेटरची हवेची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असणार, आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ जास्त म्हणून प्रेशर तेवढं उतरतं, थ्रॉटल उघडलं की वर येतं. उलट सगळीकडे सपाट ४० दिसलं असतं तर ती नळी निसटली का बघायला सांगितलं असतं.

मॅनिफोल्डची लाइन एकाच रनरमधून (एका रोटरकडे जाणाऱ्या हवेच्या नळीतून) घेतलीत का? तिथे प्रत्येक रोटरचा ठोका दिसतो. प्लेनममधून (जिथून सगळ्या रनरांना हवा जाते त्या डब्यातून) घ्या, लाइनमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका, आणि सेन्सर टॅपपेक्षा उंच ठेवा म्हणजे नळीत जमलेलं पेट्रोल परत खाली वाहील.

४५ चा फरक लिहून ठेवा, पुढच्या रनला तोच आला तर तो तुमच्या इंजिनचा स्वभाव. आणि फायरवॉलपर्यंतच्या ऑइल आणि फ्युएलच्या होजवर फायर स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) चढवलेत का ते तुम्ही लिहिलं नाही. काउलिंग बंद करायच्या आधी चढवा, टोकं नीट क्लँप करून.

---

गरुडझेप_ओहायो

रनरमधूनच घेतली होती, पुढच्याच. शनिवारी प्लेनमला टॅप मारतो. ऑइलला स्लीव्ह आहे, फ्युएल सेन्सरच्या होजला राहिलंय, आजच मागवतो.